एका पंख्यापायी

कोथरूडच्या एका सोसायटीत १९७४ सालची पांढरी प्रीमियर पद्मिनी उभी असते. तिला ताप येतो हे गेल्या वर्षीच्या मार्चपर्यंत कोणालाही माहीत नव्हतं. येत असणारच, पण डॅशबोर्डवर तो दाखवणारं काही चालू स्थितीत नव्हतं, आणि आपल्याकडे न मोजलेल्या तापाला कणकण म्हणतात. सिग्नलला बोनेटमधून वाफ दिसली की मालक गाडी कडेला घ्यायचे, बोनेट उघडायचे आणि ही गाडी आपली नव्हेच अशा चेहऱ्याने तिच्याकडे पाठ करून पंधरा मिनिटं उभे राहायचे. मग बाटलीभर पाणी ओतायचं आणि पुढे निघायचं. या मालकांना सोसायटीतले आजोबासुद्धा 'काका' म्हणतात, तेव्हा इथेही काकाच म्हणू. काकांची चाळीस वर्षं अशी सुखात गेली.

मग बंगळुरूच्या मुलाने बाबांना वाढदिवसाला टेंपरेचर गेज पाठवला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मेस्त्रींनी गेज अशा जागी बसवला की काकांना तो सतत दिसावा आणि काकूंना काका सतत दिसावेत. पहिल्याच दिवशी कर्वे रस्त्यावर काटा ऐंशीवरून नव्वदला गेला, नळस्टॉपला पंच्याण्णव झाला. काकांनी रस्त्याकडे बघणं सोडून दिलं. ते काम काकूंवर आलं.

"अहो, समोर बघा."

"शंभरला टेकला!"

"कोण?"

"काटा!"

"समोर पीएमटी आहे."

घरी आल्यावर काकांनी गाडीऐवजी स्वतःचंच ब्लडप्रेशर मोजलं. तेही चढलेलं निघालं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मेस्त्रींच्या गॅरेजच्या शटरखाली हजर. मेस्त्रींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, पाना खाली ठेवला आणि निदान केलं, "काका, काटा काढून टाका."

या वाक्यात पुढचा सगळा खर्च वाचला असता. पण काका बँकेतून निवृत्त झालेले. एकदा वहीत तूट दिसली की ती सापडेपर्यंत झोप येणार नाही अशी त्यांची घडण.

खरं तर या तापात पद्मिनीचा दोष थोडा आणि जन्मपत्रिकेचा जास्त. ही गाडी मूळची फियाट ११००, माहेर इटलीतलं तुरीन, म्हणजे आल्प्सच्या पायथ्याचं गाव. १९६४ पासून 'डिलाइट' नावाने कुर्ल्याच्या कारखान्यात बनली, १९७४ मध्ये तिचं नाव पद्मिनी पडलं. इंजिन १०८९ सीसीचं, ताकद चाळीसेक घोड्यांची. तिच्या बोनेटखाली पंखा, पाण्याचा पंप आणि डायनॅमो असे तिघे जण एकाच पट्ट्यावर जगतात आणि तो पट्टा इंजिन फिरवतं. त्यामुळे हायवेवर समोरून वाऱ्याचा लोट येत असतो तेव्हा पंखाही जिवाच्या आकांताने फिरतो. आणि नळस्टॉपला वारा पडलेला, डांबर वितळलेलं, पुढे टँकर, मागे रिक्षा, अशा वेळी इंजिन पुटपुटत असतं म्हणून पंखाही मंगल कार्यालयातल्या कोपऱ्यातल्या पंख्यासारखा पाती मोजून घ्या म्हणत फिरतो. जेव्हा नको तेव्हा भरपूर आणि हवा तेव्हा गैरहजर. असे मदतनीस सोसायटीच्या कमिटीतही असतात. पण ते पट्ट्याने बांधलेले नसतात, एवढाच फरक.

मेस्त्रींनी इंजिन उघडलं तेव्हा कळलं की थर्मोस्टॅट जागेवरच नाही. इंजिन गार असताना पाणी अडवायचं आणि ते ऐंशीच्या पुढे तापलं की रेडिएटरकडे सोडायचं, हे या बोटभर झडपेचं काम. पण आपल्याकडच्या गॅरेजांत गाडी तापते म्हटलं की पहिलं ऑपरेशन थर्मोस्टॅटवर होतं. पूर्वी मुलांचे टॉन्सिल काढत तसं.

"कोणी काढला हा?" काकांनी विचारलं.

"आमच्या वडिलांनी," मेस्त्री अभिमानाने म्हणाले. "शहाऐंशी साली."

म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षं गाडी थंडीतल्या सकाळी उशिरा तापत होती, त्यासाठी जास्तीचं पेट्रोल पीत होती, आणि काका ते पेट्रोल भरत होते. हा आकडा काकांनी एका कागदावर मांडला आणि कागद काकूंना दिसणार नाही अशा ठिकाणी ठेवला.

मग रेडिएटर उतरवला. त्याच्या तांब्या-पितळेच्या नळ्यांत बोअरचं पाणी पिऊन पिऊन गिझरच्या कॉइलवर बसतो तसला पांढरा थर बसलेला. रेडिएटरवाल्याने वरची टाकी डाख सोडवून उघडली आणि एकेका नळीतून सळई घालून रॉडिंग केलं. निघालेला चुरा त्याने पेपरवर ओतून काकांना दाखवला, सर्जन मुतखडा दाखवतो तसा. काकांनी तो पुडीत बांधून घरी आणला. काकूंनी मीठ समजून... नाही, तिथपर्यंत गेलं नाही. वासावरून ओळखलं.

झाकणाचा प्रश्न मात्र काकूंनी एका मिनिटात सोडवला. काकांना रेडिएटरचं झाकण म्हणजे बरणीचं झाकण वाटायचं. पाणी सांडू नये म्हणून असतं, एवढंच. त्याची स्प्रिंग गेलेली होती. रेडिएटरवाला समजावून सांगत होता की झाकण दाब धरून ठेवतं, दाब वाढला की पाणी शंभरला उकळत नाही.

"मग कुकरच की हा," काकू म्हणाल्या.

बरोबर. आपल्या कुकरची शिट्टी साधारण पंधरा पौंडांचा दाब धरते आणि आतलं पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं. जुन्या गाड्यांना सात पौंडांचं झाकण असलं तरी उकळबिंदू दहाबारा अंशांनी वर जातो. पाण्यात निम्मं कुलंट घातलं की आणखी काही अंश पदरात पडतात. "आणि तुम्ही गरम असताना फडका धरून हे उघडायचात?" काकूंनी विचारलं. काकांनी उजव्या मनगटावरचा १९९३ सालचा डाग बाहीखाली घेतला.

एवढ्यावर गाडी खरं तर बरी झाली होती. थर्मोस्टॅट नवा, रेडिएटर साफ, झाकण घट्ट. काटा नळस्टॉपला पंच्याण्णवच्या पुढे जाईना. पण माणसाला शंभराची भीती गेली की पंच्याण्णव टोचायला लागतात. गॅरेजमध्ये शेजारी उभ्या असलेल्या मारुतीचा रेडिएटरचा पंखा आपोआप घुर्र करून चालू झाला, अर्ध्या मिनिटाने आपोआप बंद झाला, आणि काकांच्या मनात पाप आलं.

जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. काका बुधवारी गेले, कारण रविवारपर्यंत थांबवेना. तिथे बंब, ग्रामोफोनचे कर्णे आणि एकेक बूट यांच्या मधोमध मारुतीचा इलेक्ट्रिक पंखा मिळाला. विकणारा म्हणाला, "एकदम ओके कंडिशन." चालवून दाखवा म्हटल्यावर त्याने पातं बोटाने फिरवलं. फिरलं.

पंखा बसला. पद्मिनीची मूळची लोखंडी पाती उतरून माळ्यावर गेली. वायरिंग करणाऱ्या चाचांनी बटण दाबलं, पंखा गरगरला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि गाडी कोथरूड डेपोपर्यंत जाईस्तोवर काटा एकशेदोन. पूर्वी कधी नव्हता एवढा. काका फेफरं आल्यासारखे परत आले. मेस्त्रींनी रेडिएटरच्या जाळीसमोर पेपरचं पान धरलं. पंखा नीट ओढत असता तर पान जाळीला चिकटलं असतं. ते उडून चाचांच्या तोंडावर बसलं. दोन वायरी उलट्या जोडल्या होत्या. समोरून येणारा वारा आत जाऊ पाहत होता आणि पंखा इमानेइतबारे त्याला बाहेर ढकलत होता.

वायरी बदलल्या. काटा पंच्याऐंशीवर आला आणि तिथेच बसला. काका तीन दिवस फार आनंदात होते. चौथ्या दिवशी पाऊस आला.

संध्याकाळी सातला कर्वे पुतळ्यापाशी हेडलाइट चालू, वायपर चालू, पंखा चालू, आणि सगळे मिळून हळूहळू मंद होत गेले, सिनेमा सुरू होण्यापूर्वी थिएटरमध्ये होतात तसे. मग गाडीच थांबली. चाचा फोनवर म्हणाले, "काका, गाडी ठीक आहे. उत्पन्न कमी पडतं."

हे वाक्य बँकवाल्याला कळायला वेळ लागला नाही. काकांनी रात्री जमाखर्च मांडला. जमा: डायनॅमो, गाडी पळत असताना वीसेक अँपियर. सिग्नलला उभी असताना: शून्य. खर्च: इग्निशन तीन-चार, पंचेचाळीस वॉटचे दोन दिवे म्हणजे साडेसात, वायपर आणि मागचे दिवे मिळून चार-पाच, आणि नवा पाहुणा पंखा एकटा आठ ते दहा. नाकापेक्षा मोती जड. सिग्नलला उभं राहिलं की बॅटरी मुद्दल मोडून घर चालवत होती.

डायनॅमोचा स्वभावच तसा. तो पळाला तरच कमावतो. इंजिन मंद झालं की त्याचा दाब बॅटरीपेक्षा कमी पडतो, तेव्हा बॅटरीने उलट त्यालाच पोसू नये म्हणून कटआउट नावाची डबी संबंध तोडते आणि डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो. काका हा लाल दिवा इतकी वर्षं बघत होते. "सिग्नल लाल आहे म्हणून आपलाही लाल लागतो," असं त्यांनी मुलाला लहानपणी सांगितलं होतं. मुलगा पुढे इंजिनिअर झाला, हे विशेष. शिवाय डायनॅमो विसराळू. दुरुस्तीनंतर त्याच्या गाभ्यात उरलेलं किंचितसं चुंबकत्व गेलं वा उलटलं, तर बॅटरीची वायर क्षणभर टेकवून त्याला तू कोण आहेस याची आठवण करून द्यावी लागते. काकांना या एका बाबतीत त्याच्याबद्दल आपुलकी होती.

"अल्टरनेटर टाकून देऊ," चाचा म्हणाले. "मारुतीचा. चाळीसच्या पुढे अँपियर देतो. उभी असली तरी देतो."

साधूची लंगोटी उंदराने कुरतडली म्हणून मांजर पाळलं, मांजराला दूध हवं म्हणून गाय घेतली, गाईला चारा हवा म्हणून शेत केलं, आणि शेत बघायला म्हणून बायको आली, ही गोष्ट काकांनी नातवाला त्याच महिन्यात सांगितली होती. तरी त्यांना काही कळलं नाही. अल्टरनेटर आला. त्याला बसायला जागा नाही म्हणून लेथवाल्याकडून ब्रॅकेट आलं. ब्रॅकेट सुतभर पुढे आलं म्हणून पुली एका रेषेत येईना, पट्टा सोसायटीच्या गेटपासून किंचाळायला लागला. ब्रॅकेट परत गेलं. नवा पट्टा आला. जुनी वायर वीस अँपियरला पुरत होती, चाळीसला ती बोनेटखालची शेगडी झाली असती, म्हणून जाड वायर आली. जाड वायर आली म्हणून फ्यूज आले, पंख्याचा सगळा प्रवाह बटणातून जाऊ नये म्हणून रिले आला. रिले, फ्यूज आणि वायर हे सगळं गाडीच्या जुन्या रंगाशी विसंगत दिसायला लागलं म्हणून बोनेट आतून रंगवलं. कटआउटची डबी निकामी झाली तरी चाचांनी ती काढली नाही. "राहू द्या, शोभेला." ती आता दिवाणखान्यातल्या बंद पडलेल्या लंबकाच्या घड्याळासारखी टांगलेली आहे.

एवढं करून अल्टरनेटर चार्ज करेना.

चाचांनी तो उतरवला, तपासला, चढवला. पुन्हा उतरवला. नवे ब्रश घातले. तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी चाचांच्या पंधरा वर्षांच्या नातवाने विचारलं, "डॅशबोर्डवरचा लाल दिवा का लागत नाही?" तो काकांनी काढून ठेवला होता. आता चार्जिंगची काळजी नको, मग ती लाल पीडा कशाला, असा त्यांचा विचार. पण अशा जोडणीत अल्टरनेटरला सुरुवातीला जागं करणारा चिमूटभर प्रवाह त्या दोन-तीन वॉटच्या दिव्यातूनच जातो. दिवा परत लावला. लागला, इंजिन सुरू झाल्यावर विझला, आणि मीटरवर १३.८ व्होल्ट उभे राहिले, गाडी जागेवर असताना. काकांनी चाचांच्या नातवाला आइस्क्रीम दिलं आणि चाचांना तीन दिवसांची मजुरी. दोन्ही स्वतःच्या चुकीबद्दल.

आनंद दोन दिवस टिकला, कारण तिसऱ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरचे शेजारी खाली आले. त्यांच्याकडे एके काळी अँबॅसडर होती, त्यामुळे जगातल्या कुठल्याही गाडीचं बोनेट उघडलेलं दिसलं की ते चप्पल घालतात. "चार्जिंग बघायची जुनी ट्रिक दाखवतो," म्हणत त्यांनी चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल उचललं. डायनॅमोच्या जमान्यात लोक हे सर्रास करत. अल्टरनेटरच्या पोटात मात्र उलटसुलट प्रवाह सरळ करणारे डायोड असतात, आणि बॅटरीचा आधार अचानक सुटला की दाब असा उसळतो की ते जागेवर प्राण सोडतात. त्यांनी सोडले.

"बघा, म्हणजे तुमचं चार्जिंग होतच नव्हतं," शेजारी म्हणाले आणि वर गेले.

डायोडची पाटी बदलेपर्यंत गाडीला आणखी एक भेट झाली. एक निवृत्त प्राध्यापक आले. त्यांच्याकडे मॉरिस मायनर आहे आणि ते तिच्यातला स्क्रूसुद्धा बदलत नाहीत. तिच्यात तर बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं, सगळ्या जगाच्या उलट, आणि याचा प्राध्यापकांना कुळाचारासारखा अभिमान. हे विसरून त्यांच्या जावयाने एकदा तिच्यात आपला कारटेप जोडला होता. जावई अजून आहे, टेप नाही.

"अल्टरनेटर?" प्राध्यापकांनी नाकाला रुमाल लावला. "हे भ्रष्टाचरण आहे."

"अमेरिकेत १९६० च्या व्हॅलियंटमध्ये कंपनीनेच दिला होता," काका म्हणाले. मुलाने फोनवर पढवून ठेवलं होतं.

"अमेरिकेत! मॉडेल टी फोर्डला तर पाण्याचा पंपसुद्धा नव्हता, पहिल्या अडीच हजार गाड्या सोडल्या तर. गरम पाणी आपलं आपण वर चढायचं, गार खाली यायचं. चालल्याच ना दीड कोटी गाड्या?"

"त्यांच्या रस्त्यात नळस्टॉप होता का?" आतून काकूंचा आवाज आला.

प्राध्यापकांनाही हे मान्य आहे की त्यांच्या मॉरिसचे दिवे सिग्नलला वात खाली केल्यासारखे होतात. ब्रिटिश गाड्यांच्या शौकिनांत बर्मिंगहॅमच्या जोसेफ ल्यूकस यांना अंधाराचा राजपुत्र म्हणण्याची जुनी थट्टा आहे. इंग्रज बिअर कोमट का पितात, तर फ्रिज ल्यूकसचे असतात, हा त्यातलाच एक विनोद. प्राध्यापक तो स्वतः सांगतात आणि कोणी हसलं की रागावतात. त्याच ब्रिटनमध्ये आता डायनॅमोच्या हुबेहूब नळकांड्यात अल्टरनेटरचे अवयव भरून विकतात, म्हणजे प्रदर्शनात परीक्षकांना बाहेरून डायनॅमो दिसावा आणि आतून दिवे लागावेत. सोवळं नेसून निऱ्यांत मोबाइल खोचण्यासारखंच हे. प्राध्यापकांनी त्याची किंमत मात्र दोनदा विचारली.

जाता जाता त्यांनी कायद्याचा बॉम्ब टाकला. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून 'व्हीए' मालिकेचा वेगळा नंबर मिळू शकतो. पण गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको. काकांचा चेहरा पडला. गाडीला नुकतीच पन्नास भरली होती. पंखा आणि अल्टरनेटर म्हणजे मोठा फेरफार की लहान? प्राध्यापक म्हणाले मोठा. मेस्त्री म्हणाले, बोल्ट तर जुनेच वापरलेत. काकांनी दोन दिवस चष्मा लावून अधिसूचना वाचली आणि त्यांना पुढचं कलम सापडलं: व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती, बस्स.

"मग मंडईत कशातून जायचं?" काकूंनी विचारलं, आणि व्हिंटेज प्रकरण तिथेच मिटलं.

मागे राहिला तो फक्त पंख्याचा एक खोडसाळपणा. पंखा चालू-बंद करणारा स्विच रेडिएटरला बसवलेला. ९२ ला चालू, ८७ ला बंद. गाडी बंद केली की पाण्याचा पंपही थांबतो, इंजिनची धग साचून पाणी आणखी थोडं तापतं, आणि काका जिना चढून वर पोचेपर्यंत खाली पंखा आपणहून चालू होतो. चाचांनी त्याची वायर थेट बॅटरीवरून घेतलेली. पहिल्या आठवड्यात वॉचमनने सहा वेळा बेल वाजवली. तळमजल्यावरच्या आजींनी गाडीत कोणालातरी कोंडलं असल्याची तक्रार केली. एका सत्प्रवृत्त मुलाने बोनेटवर बादलीभर पाणी ओतलं. शेवटी काकांनी पुठ्ठ्याची पाटी केली आणि गाडी लावली की वायपरला अडकवायला सुरुवात केली:

'गाडी बंद आहे. पंखा चालू आहे. तो आपोआप बंद होतो. मालकास कळवू नये.'

एका रात्री रिले चिकटला आणि पंखा खरोखरच सकाळपर्यंत फिरत राहिला. बॅटरी संपली. पाटी वाचून कोणीही कळवलं नाही.

यंदाच्या मे महिन्यात काका-काकू दादरला भाचीच्या लग्नाला गाडी घेऊन गेले. जाताना घाट उताराचा, कौतुक करण्यासारखं काही नाही. खरी परीक्षा परतताना, खोपोलीनंतरच्या चढाला. दुपारचे दोन, मागच्या सीटवर आहेराची भांडी, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये. काकांनी पायाशी पाण्याचे तीन कॅन ठेवले होते. काटा अठ्ठ्याऐंशी. वळण आलं, अठ्ठ्याऐंशी. ट्रकच्या मागे अडकले, पंखा घुर्रला, नव्वद, पुन्हा अठ्ठ्याऐंशी. काका अर्ध्या घाटातच थोडे उदास झाले. चाळीस वर्षं या घाटात त्यांना काहीतरी काम असायचं.

"शिंग्रोबापाशी थांबा," काकू म्हणाल्या.

"कशाला? तापलेली नाही."

"आपण नेहमी थांबतो."

ज्या धनगराने इंग्रजांना घाटाची वाट दाखवली म्हणतात, त्या शिंग्रोबाचं हे देऊळ. ड्रायव्हर लोक इथे नाणं टाकून पुढे जातात. पद्मिनी पूर्वी इथवर आली की स्वतःच थांबायची, आणि गाडी गार होईपर्यंत काकू सावलीत डबा उघडायच्या. त्यांच्या संसारातल्या निम्म्या निवांत गप्पा याच सावलीत झाल्या आहेत, हे काकूंनी त्या दिवशी प्रथमच सांगितलं. काकांनी गाडी थांबवली, पाटी अडकवली, नाणं टाकलं. दशम्या आणि लग्नातले चार लाडू झाले. बोनेटखाली पंखा फिरून आपोआप बंद झाला. अर्ध्या तासाने काकांनी किल्ली फिरवली. अल्टरनेटरने भरलेल्या बॅटरीने स्टार्टर असा फिरवला की दगडावरची माकडं पळाली.

गाडी मात्र सुरू झाली नाही. दहा वेळा फिरवूनही नाही.

काकांनी मेस्त्रींना फोन लावला. मेस्त्रींनी आवाज ऐकून सांगितलं, पेट्रोल पंप इंजिनलाच चिकटलेला आहे, उभ्या गाडीच्या धगीने त्यातल्या पेट्रोलची वाफ झाली, वाफ काही पुढे ढकलली जात नाही. व्हेपर लॉक.

"पुण्यात आलात की इलेक्ट्रिक पंप टाकून देऊ, काका. मागे टाकीपाशी. तीन-चार अँपियर घेईल फक्त. आता आपल्याकडे अल्टरनेटर आहेच की."

काकांनी खिशातून पेन काढलं आणि लग्नपत्रिकेच्या पाठीवर जमा-खर्च असे दोन रकाने आखायला घेतले.

काकूंनी डब्याला गुंडाळलेला पंचा सोडला, तीन कॅनपैकी एकातल्या पाण्यात भिजवला आणि पंपावर टाकला. वीस मिनिटांनी गाडी सुरू झाली.